लेमेकीचा लोव्हो आणि माझी जीभ

लेमेकीला 'नाही' म्हणता येत नाही, ही गोष्ट आमच्या बेटावरच्या सावुसावू शहरातल्या कुत्र्यांनासुद्धा माहीत होती. तो पाव घेऊन रस्त्याने निघाला की दोन-तीन तरी मागे लागायची, आणि घरी पोचेपर्यंत त्याच्या हातात नुसता कागद उरायचा. माणसांचं तर विचारूच नका.

माझं उलट. बाजाराच्या चढावर माझं किराणा दुकान आहे आणि नवरा गेल्यापासून ते मी एकटीच चालवते. मुलगा ऑकलंडला, मुलगी सिडनीला. दुकानात साखरेच्या पोत्याशेजारी मी 'नाही' हा शब्द ठेवलेला असतो, ज्याला लागेल तेवढा काढून देते. लोक मला तोंडावर शिवमती मावशी म्हणतात आणि पाठीमागे काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे. म्हणोत बापडे. गोड बोलून दुकानं चालत असती तर माझा नवरा लखपती होऊन मेला असता.

लेमेकी आणि त्याची बायको उनैसी माझ्या मागच्या अंगणातल्या खोलीत भाड्याने राहायची. तो नगरपालिकेच्या गवत कापायच्या कामावर. माणूस इतका रुंद की माझ्या दुकानाच्या दारातून तिरका होऊन आत यायचा, आणि आवाज इतका बारीक की दर वेळी 'काय म्हणालास?' म्हणून पुन्हा विचारावं लागे. त्याच्या लोकांत केरेकेरेची रीत आहे. नात्यातल्या माणसाने एखादी वस्तू मागितली की ती द्यायची. मागणाऱ्याला लाज नाही, देणाऱ्याला सुटका नाही. आणि नातं म्हणाल तर खाडीच्या पलीकडची चार गावं त्याच्या नात्यात.

त्यातला सगळ्यात पट्टीचा मागणारा म्हणजे इनोके, लेमेकीच्या मामाचा मुलगा. त्यांच्यात मामेभाऊ-आतेभाऊ म्हणजे मेव्हणेच. एकमेकांची टिंगल करायची आणि एकमेकांचं लुटायचं, यात कुणाला वावगं वाटत नाही. इनोकेची एक मोटारनाव होती. खाडीपलीकडच्या वाइनिसावू गावातून, म्हणजे लेमेकीच्याच गावातून, माणसं आणि सुकं खोबरं घेऊन तो धक्क्याला यायचा, आणि तिथून सरळ माझ्या अंगणात.

एकदा पालिकेने लेमेकीला नवे बूट दिले. इनोके दारातच थांबला आणि खाली बघत म्हणाला, "मेव्हण्या, तुझे पाय फार नशीबवान रे."

"तुला होतील?" लेमेकीने विचारलं.

"होतील कसले! तुझे पाय म्हणजे नावा आहेत. पण मी पुढे चिंध्या कोंबेन."

बूट गेले. दुसऱ्या दिवशी हा भला माणूस इनोकेच्या फाटक्या सपाता घालून गवत कापायला निघाला. अंगठे बाहेर, टाचा बाहेर. मी दुकानातून ओरडले, "अरे लेमेकी, भीड भिकेची बहीण असते! कधी कळणार तुला?" तो हसला आणि काहीतरी म्हणाला. मला ऐकू आलं नाही.

हे सगळं मी करमणूक म्हणून बघत होते, वादळ येईपर्यंत. फेब्रुवारीतल्या त्या वादळाने वाइनिसावूतल्या लेमेकीच्या आईच्या घराचं छप्पर उचललं आणि समुद्रात नेऊन टाकलं. मदतीत एक निळी ताडपत्री मिळाली, ती ओंडक्यांवर ताणून म्हातारी तिच्याखाली राहू लागली. शहरात यायला तयार नाही. "माझ्या कोंबड्या मला विचारतील, कुठे चाललीस म्हणून," असा तिचा निरोप आला. गावातल्या बाकीच्यांची छपरं हळूहळू उभी राहिली, कारण त्यांनी एकमेकांकडे मागितलं. लेमेकीने मागितलं नाही. पगारदार मुलगा शहरात असताना आईच्या छपरासाठी त्याने कुणापुढे हात पसरायचा? आणि गावही म्हणालं, तिचा लेमेकी आहे की.

पुढचा वादळांचा मोसम नोव्हेंबरात सुरू होणार होता. त्याआधी पत्रे चढले नाहीत तर ती ताडपत्री म्हातारीला घेऊनच उडेल, हे उनैसी मला सांगायची आणि मग उगाच केरसुणी घेऊन झाडलेलं अंगण पुन्हा झाडायची.

शनिवारी लेमेकी अंगणात लोव्हो लावायचा. जमिनीत खड्डा, खड्ड्यात लाकडं, लाकडांवर दगड. दगड तापून पांढरे पडले की निखारे बाजूला ओढायचे, आणि दगडांवर झावळ्यांच्या टोपल्यांतून कोंबडी, मासे, अळूचे गड्डे, कसावा आणि नारळाच्या दुधात कांदा घालून अळूच्या पानांत बांधलेली पालुसामी रचायची. वर केळीची पानं, ओली पोती, माती. मग दोन-अडीच तास कुणी हात लावायचा नाही. हे इथल्या प्रत्येक पुरुषाला येतं, म्हणून त्याला कुणी कला म्हणत नाही. पण लेमेकीच्या लोव्होची गोष्ट वेगळी होती. तो मातीला कान लावून बसायचा. कुठून वाफ निसटली की तिथे मूठभर माती, आणि पुन्हा कान. त्याची कोंबडी हाडापासून आपण होऊन सुटायची आणि पालुसामी चमच्याने नाही, पावाच्या तुकड्याने पुसून खावी अशी व्हायची. मी शाकाहारी, पण पालुसामीसाठी मला तो नियम मोडावा लागत नव्हता. माझ्या वाटणीच्या पुड्यात तो मांसाचा थेंबही जाऊ द्यायचा नाही, पानाची गाठ वेगळी बांधायचा.

वास चढावरून खाली बँकेपर्यंत जायचा. बँकेतल्या मुली माझ्याकडे साबण घ्यायला आल्या की नाक वर करून विचारायच्या, "मावशी, मागे काय शिजतंय? विकत मिळेल?" त्या राहायच्या भाड्याच्या खोल्यांत, फरशीच्या अंगणात. खड्डा खणणार कुठे?

मी लेमेकीला म्हटलं, "वीक."

तो इतका हसला की फावडं खाली ठेवलं. "मावशी, लोव्हो कुणी विकत घेतं का? उद्या म्हणाल पाणी वीक."

"पाणी बाटलीत भरून मीच विकते. तुझ्या आईचे पत्रे काय आकाशातून पडणार आहेत?"

तेव्हा तो हसायचा थांबला.

पहिला विक्रीचा शनिवार. उनैसीने पुडे बांधले, दहा डॉलरला एक असा भाव मी ठरवला आणि बँकेत निरोप दिला. माती काढायच्या वेळेला इनोके आला, "सहज बघायला". त्याच्यामागून एक चुलता, दोन आत्या, आणि ज्यांना लेमेकी स्वतः ओळखत नव्हता पण ज्यांची आजी त्याच्या आजीची बहीण होती असे काही जण. सगळे गवतावर मांडी घालून बसले. एक आत्या म्हणाली, "बाळा, प्रवासात फार भूक लागते रे." बस्स. बँकेतल्या मुली आल्या तेव्हा खड्ड्यात दगड होते आणि एक कसावा.

उनैसी रडली नाही. तिने रिकाम्या टोपल्या एकात एक घातल्या आणि म्हणाली, "तुझ्या आईच्या डोक्यावर ताडपत्री आणि तुझ्या मेव्हण्याच्या पोटात कोंबडी. छान."

मला तर असा संताप आला होता की इनोकेला चिमट्याने धरून धक्क्यावर नेऊन टाकावं. मी म्हटलं, "अरे, एक शब्द आहे. ना आणि ही. मला येतो, तुला का येत नाही?"

लेमेकी हात धुत होता. म्हणाला, "मावशी, तुम्ही नाही म्हटलंत तर तुम्ही दुकानदार असता. मी नाही म्हटलं तर मी कुणाचाच नसतो."

मी दुकानात जाऊन पुसलेला तराजू पुन्हा पुसत बसले.

युक्ती उनैसीची. पुढच्या शनिवारी माती काढायच्या आधी लेमेकी माझ्या दुकानाच्या मागच्या दारात येऊन मांडी घालून बसला. ओंजळीसारखे हात करून त्याने तीनदा टाळी दिली, ती त्यांची खोल आवाजाची टाळी, आणि खाली बघत म्हणाला, "मावशी, हा लोव्हो तुमचा. यातलं सगळं तुमचं." मी म्हटलं, डोकं फिरलं का याचं? उनैसी मागून म्हणाली, "हो म्हणा ना! जे त्याचं नाहीच, ते त्याच्याकडे कुणी मागेल कसं? मागायचं तर तुमच्याकडे मागावं लागेल. आणि तुम्ही काही आमच्या नात्यातल्या नाही."

मला जरा वेळ लागला. मग मी पदर खोचला.

इनोके आला, नेहमीसारखा गवतावर बसला. लेमेकीने हात उडवले. "माझं काही नाही, मेव्हण्या. सगळं मावशीचं."

इनोकेने माझ्याकडे बघितलं. मी खुर्ची खड्ड्याच्या तोंडाशी टाकून बसले होते.

"मावशी," तो म्हणाला, "आज काय सुंदर दिसताय!"

"दहा डॉलर."

"मी सकाळपासून उपाशी आहे हो."

"उपास चांगला असतो. तुझ्या पोटाकडे बघता अजून दोन-तीन कर."

"बरं, नुसता वास घेऊ द्या. वासाचे किती?"

"वास फुकट. जास्त ओढलास तर त्याचेही लावीन."

गवतावरची माणसं पोट धरून हसली. इनोकेही हसला, आणि मी सांगते, त्या दिवशी त्याने खिशात हात घालून दहा डॉलर काढले. ती नोट मी उन्हात धरून बघितली.

तिथून धंदा चालू लागला. बँक, मग इस्पितळातल्या नर्सा, मग धक्क्याला शिडाच्या होड्या लावून राहणारे गोरे. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत नावं लागायची. लेमेकी आठवडाभर गवत कापायचा, येता-जाता नदीच्या पात्रात दगड बघून ठेवायचा, कारण चुकीचा दगड तापला की फुटतो. उनैसीने पुड्यांना केळीच्या सोपटाची अशी गाठ बसवली की बँकेतल्या मुलींनी ती घरी नेऊन सोडली तरी वाफ तोंडावर यायची. आणि मी 'नाही' म्हणायची. आयुष्यभर ज्या जिभेबद्दल सासूपासून मुलीपर्यंत सगळ्यांनी मला ऐकवलं, तिला शेवटी बाजारभाव मिळाला. लेमेकीने मला वाटा देऊ केला तर मी नेमकं तिथेही नाही म्हटलं. सवय.

एक गोष्ट मात्र मी पकडली. खड्ड्याच्या कडेला, जिथे आच कमी असते, तिथे तो दर शनिवारी एक जादा टोपली ठेवायचा. माझ्या खुर्चीमागून ती गवतावरच्या मंडळींकडे सरकायची. मी दटावलं, तर म्हणाला, "कडेचं आहे मावशी, नीट शिजत नाही. गिऱ्हाइकाला कसं देणार?" मी त्यातला एक तुकडा कसावा खाऊन बघितला. लोण्यासारखा शिजलेला होता. त्या दिवसापासून मी खुर्ची थोडी पुढे सरकवून बसू लागले, म्हणजे मागचं दिसू नये.

ऑक्टोबरात पत्रे आले. नवे कोरे, पन्हाळी, माझ्या मागच्या पडवीत एकावर एक रचलेले. ते घेतलेही माझ्या नावावर, त्याच कारणासाठी. लेमेकी कामावरून आला की त्यांच्यावरून हात फिरवून मग खोलीत जायचा. आता पत्रे न्यायला मोटारनाव ठरवायची आणि हाताखाली माणसं लावायची, एवढंच उरलं होतं, आणि त्याला पुन्हा पैसे लागणार होते.

अशा एका दुपारी इनोके आला. पण या वेळी तो गवतावर बसला नाही. पाठीमागे सात-आठ माणसं, सगळ्यांच्या कमरेला स्वच्छ लुंग्या, तोंडं गंभीर. ते माझ्या दुकानात आले, आणि तेलाच्या डब्यांमधल्या जागेत रांगेने जमिनीवर बसले. इनोकेच्या हातात यांगोनाच्या मुळांची जुडी होती, त्यांच्यात मान म्हणून देतात ती, चांगली जाड, फितीने बांधलेली. ती त्याने माझ्यापुढे धरली. त्याचा चुलता बोलू लागला, हळू, जुन्या पद्धतीने. या बाईच्या अंगणात आमची माणसं बसली. हिच्या दारातली टोपली आमच्या पोरांनी खाल्ली. हिचा माणूस गेला, मुलं दूर गेली. आज आम्ही हिला आमची म्हणायला आलो आहोत.

मला कळेना काय होतंय. नवरा गेला तेव्हापासून माझ्या जमिनीवर कुणी मांडी घालून बसलं नव्हतं. लोक येतात, काउंटरच्या पलीकडे उभे राहतात, वस्तू घेतात, जातात. माझे डोळे भरून आले, हे मी सरळ सांगते. मी वाकून ती जुडी हातात घेतली.

दारात लेमेकी उभा होता. त्याचा चेहरा एकदम उतरला. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, पण जुडी माझ्या हातात होती.

टाळ्या झाल्या. इनोकेने घसा साफ केला. "मावशी," तो गोड आवाजात म्हणाला, "आता तू घरची झालीस. तुझ्या भाच्याचं एक मागणं आहे. तुझ्या पडवीत पत्रे पडलेत. माझ्या घराला पावसात गळती लागते बघ."

सगळ्या सावुसावूला 'नाही' विकणारी मी. तो शब्द जिभेवर आला, दातापर्यंत आला, आणि तिथेच बसला. या माणसांनी आत्ता मला आपली म्हटलं होतं. मी नाही म्हटलं असतं तर काय झालं असतं? पुन्हा दुकानदार. तेवढंच. पण त्या क्षणी मला ते 'तेवढंच' पेलेना. लेमेकीचं ते हात धुतानाचं वाक्य मला तेव्हा समजलं, आणि समोर निळ्या ताडपत्रीखाली बसलेली, कधी न पाहिलेली म्हातारीही दिसू लागली.

मी लेमेकीकडे बघितलं. त्याने मान हलवली. द्या.

"घे बाबा," मी म्हटलं. माझा आवाज लेमेकीइतका बारीक निघाला. उनैसी त्याच्यामागे उभी होती, तिने तोंड फिरवलं.

इनोकेने दात काढले. चुलत्याने टाळी दिली. आणि मग लेमेकी आत आला, तिरका होऊन, आणि इनोकेच्या पुढ्यात मांडी घालून बसला. त्याने ओंजळ करून टाळी दिली. एकदा, दोनदा, तीनदा.

"मेव्हण्या," तो म्हणाला, आणि या वेळी सगळ्यांना ऐकू गेलं. "पत्रे आता तुझे ना?"

"माझे."

"नक्की?"

"अरे, सगळ्यांदेखत मिळाले! का, पोटात दुखतंय का?"

"मग मी तुझ्याकडे एक मागतो. मला पत्रे हवेत. माझ्या आईला छप्पर नाही."

इनोकेचं तोंड उघडंच राहिलं. लेमेकीने आजवर कधी कुणाकडे काडीसुद्धा मागितली नव्हती. कुणाला तो मागू शकतो हेच माहीत नव्हतं. आणि मागण्याला नाही म्हणायची सोय तर इनोकेलाही नव्हती.

"आणि तुझी नाव हवी," लेमेकी पुढे म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "पत्रे न्यायला. आणि काका, तुमचा हातोडा. आणि तुम्ही सगळे, शनिवारी. माझ्याच्याने एकट्याने होत नाही."

पहिल्यांदा हसला तो चुलता. इतका हसला की डोळ्यांतून पाणी आलं. मग सगळी रांगच हसत सुटली. एकाने इनोकेच्या पाठीत धपका घातला. "काय रे, वासाचे किती म्हणून विचारत होतास ना? बघ किती पडले!"

मग इनोके लेमेकीला म्हणाला, "मेव्हण्या, एवढे दिवस तोंडात काय दगड तापत ठेवला होतास? आधी नाही का मागायचं? आम्हाला वाटलं तुला आमची गरजच नाही. पगारवाला माणूस."

लेमेकीने खाली बघितलं आणि तो रडू लागला. एवढा मोठा माणूस, तेलाच्या डब्यांमध्ये बसून, पाठ हलवत. मी उठले आणि सगळ्यांसाठी चहा टाकला. पैसे घेतले नाहीत.

त्या शनिवारी लोव्हो लागला तो वाइनिसावूत, आणि छपराला सगळं गाव लागलं. नोव्हेंबर उजाडायच्या आत आत्या खाली उभ्या राहून, वर चढलेल्या पुरुषांना खिळे कसे ठोकावेत ते शिकवत होत्या. धंद्याचंही सांगते. तो खरा वाढला त्यानंतरच. लेमेकी मागायला शिकला. आता केळीची पानं एक आत्या पाठवते, लाकडं चुलता तोडून ठेवतो, अळूचे गड्डे इनोकेच्या नावेतून येतात, आणि प्रत्येकाच्या घरी शनिवारी पुडा जातो, कडेचा नाही, मधला. अंगणात दोन खड्डे झालेत. उनैसीने दुसऱ्या खोलीचं भाडंही भरायला सुरुवात केली आहे. गवत कापायची नोकरी त्याने सोडलेली नाही. म्हणतो, दगड तिथेच सापडतात. आणि खड्ड्याच्या तोंडाशी माझ्या खुर्चीवर कोण बसतं म्हणाल तर इनोके. मागायच्या सगळ्या युक्त्या त्याला पाठ, त्याच्या हातून फुकट पुडा काढेल असा अजून जन्मायचा आहे.

मला तिथून उठावं लागलं, कारण माझी जीभ आता त्यांच्यापुढे चालत नाही.

छप्पर झालं त्या दिवशी मीही नावेतून गेले होते. म्हातारी नव्या पत्र्याखाली चटईवर बसली होती, कोंबडी मांडीवर. तिने मला जवळ बसवलं, माझा हात धरला, आणि माझ्या ओढणीचं टोक बोटांत घेऊन चाचपलं. लंबासाच्या बाजारातून आणलेली, जरीच्या काठाची ती नवी ओढणी मी साडीवरून घेतली होती, समारंभ म्हणून. "फार छान आहे ही," ती म्हणाली, आणि माझ्या डोळ्यांत बघत राहिली.

बाहेर इनोके ओरडला, "मावशी, सांभाळ! ती माझी गुरू आहे!"

मी ओढणी काढली आणि तिच्या खांद्यावर घातली. मग तिच्यासारखीच मांडी घालून, ओंजळ करून, मला जमेल तशी टाळी दिली.

"बाई," मी म्हटलं, "तुझ्या घरात मला एक कोपरा दे. अधूनमधून येऊन बसायला."

तिने कोंबडी मांडीवरून खाली ठेवली आणि चटईवर सरकून जागा केली.